प्रयोगावाचून प्रयोगवही

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

आपल्या महाविद्यालयात विज्ञान शाखा नाही. त्यामुळे वार्षिकांकात विज्ञानाविषयी कुणी काही लिहिले तर ‘हा आपला प्रांत नव्हे’ म्हणून पान उलटले जाण्याचा संभव आहे. तरीही मी लिहिते आहे. ग्रंथालयात बसून आपल्या वार्षिकाचे जुने अंक मी चाळले. कविता पुष्कळ आहेत, प्रवासवर्णने आहेत, हुंड्यावर आहे, व्यसनांवर आहे. अंधश्रद्धेवर तर बहुतेक अंकांत एखादा लेख असतोच आणि त्यात ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’ हा शब्द पाच-सात वेळा येतोच. हा दृष्टिकोन बाळगणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे, असे १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आपल्या राज्यघटनेत लिहिले गेले आहे, हे राज्यशास्त्राच्या तासाला आपण शिकलो. पण हा दृष्टिकोन आपल्याला शाळेत कोणत्या तासाला, कोणत्या बाकावर बसून मिळायला हवा होता, हे मात्र कुणी विचारलेले मला दिसले नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे : आपल्या आसपासच्या हायस्कुलांतून विज्ञानाचे प्रयोग मुलांच्या हाताला लागत नाहीत. ते लागावेत यासाठी जे काही करायचे त्यातला मोठा भाग आपण कला शाखेचे विद्यार्थी करू शकतो, आणि तो आपण करावा.

आधी सध्या काय चालते ते पाहू. दहावीला विज्ञानाचे शंभर गुण. चाळीस-चाळीसच्या दोन लेखी पत्रिका आणि वीस गुण प्रात्यक्षिकाचे. या वीस गुणांसाठी एक जर्नल लिहायचे असते. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे त्याचे ठरलेले खाने. मी ज्या हायस्कुलात शिकले (नाव सांगत नाही, कारण तशी हायस्कुले गावोगाव आहेत) तिथे हे पाचही खाने फळ्यावरून उतरवून घ्यायचे असत. कृती फळ्यावर असणे समजण्यासारखे आहे. पण निरीक्षणही फळ्यावर? काचेच्या चिपेतून जाणारा प्रकाशकिरण वर्गातल्या सत्तावन्न मुलांना सत्तावन्न वेळा नेमका तेवढ्याच कोनात वळलेला दिसला. माझ्या चुलत भावाचे जर्नल माझ्याआधी तीन वर्षांचे. त्यातही कोन तोच. अशी आज्ञाधारक काच जगात दुसरीकडे सापडणार नाही. प्रत्यक्षात ती चीप कपाटात होती, कपाटाला कुलूप होते, आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. परीक्षेच्या दिवशी कपाट उघडले, चिपा टेबलावर मांडल्या, आणि आम्हाला वीसपैकी अठरा, एकोणीस असे गुण मिळाले.

यात आमच्या विज्ञानाच्या बाईंना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. ते मी करणार नाही. आठवी ते दहावीचे विज्ञान आणि शिवाय नववीचे गणित एकट्या बाईंकडे होते. निवडणूक आली की त्यांची नेमणूक लागे, सर्वेक्षण आले की त्यांचेच नाव. परीक्षानळी फुटली तर भरपाई कुणी करायची हा प्रश्न होताच. साठ मुले, पस्तीस मिनिटांचा तास आणि दोन स्पिरिटचे दिवे अशा मांडणीत प्रयोग करून दाखवणारा शिक्षक असेल तर त्याला माझा नमस्कार आहे. परंतु सर्व शिक्षकांकडून त्याची अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते. कमी पडतात ती माणसे.

आता दुसरी गोष्ट, भाषेची. माझे वडील सातवी शिकलेले. त्यांचे मोटर रिवाइंडिंगचे छोटे दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती मोटारसायकलवर आडवी बांधून आणतो; वडील जळकी कॉइल ओढून काढतात, आटे मोजतात, तारेचा गेज बघतात आणि नवी गुंडाळी भरतात. तीन फेजची मोटर उलटी फिरायला लागली तर तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करायची, हे मी पाचवीत असताना त्यांच्याजवळ बसून बघितले होते. दहावीत ‘विद्युत चलित्र’ हा भाग आला. मी तो घरी मोठ्याने पाठ करत होते. वडील जेवत होते. त्यांनी विचारले, “हे चलित्र म्हंजे गं काय?” मी आकृती दाखवली. त्यांनी हात न पुसता वही डोळ्यांजवळ घेतली आणि म्हणाले, “ही तर मोटर! मग मोटर का म्हनत न्हाईत?”

मला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. आजही देता येईल असे नाही. परिभाषा लागते हे मी मराठीची विद्यार्थिनी म्हणून मान्य करते. परंतु ज्या माणसाने हजारो मोटरी उघडून पाहिल्या, त्याला स्वतःचेच काम पुस्तकात ओळखू येऊ नये, आणि त्याच्या मुलीला ते पाठ करताना आपण वडिलांच्या दुकानाविषयी वाचतो आहोत असे एकदाही वाटू नये, यात काहीतरी फार मोठे बिघडलेले आहे. अपवर्तन, पुनर्हिमायन, असंगत आचरण हे शब्द मुलांना आधी भेटतात. वस्तू नंतर भेटते, किंवा भेटतच नाही. बर्फाच्या लादीवरून वजने लटकवलेली तार आरपार जाते आणि बर्फ मात्र अखंडच राहतो, हे एकदा बघितले की ‘पुनर्हिमायन’ हा शब्द जड राहत नाही. न बघता तो सामासिक शब्दाचा विग्रह करायला दिल्यासारखा वाटतो.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने या गोष्टीकडे पूर्वीच लक्ष दिले होते, हे मला आपल्या ग्रंथालयातल्या एका जुन्या पुस्तकातून कळले. हे केंद्र १९७४ साली सुरू झाले. त्याचे पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी यांनी जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातल्या शाळांत काम केले. पुढे १९८० नंतर मुंबई महापालिकेच्या शाळांतली वंचित थरांतली मुले निवडून त्यांच्याबरोबर केंद्राने काही वर्षे सलग काम केले आणि १९८५ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मुलांची बुद्धी कमी पडत नाही. पुष्कळदा पुस्तकाची भाषा आड येते, आणि ती सोपी केली, मुलांना बोलू दिले, त्यांच्याशी कुणी सातत्याने बोलत राहिले, की तीच मुले पुढे जातात, असा त्या कामाचा रोख होता. भाषा कुणाचा विषय आहे? आपला आहे. आपण मराठी, इतिहास, अर्थशास्त्र घेणारे लोक दिवसभर कठीण मजकूर सोपा करून एकमेकांना सांगत असतो. परीक्षेच्या आदल्या रात्री वसतिगृहात तर दुसरे काय चाललेले असते?

‘पण विज्ञानाचा पदवीधर नसताना विज्ञान कसे शिकवणार?’ हा प्रश्न मला आमच्याच वर्गातल्या चौघांनी विचारला. त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या शेजारीच मिळते. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात (आता त्याचे नाव नर्मदापुरम आहे) १९७२ साली सोळा शाळांतून एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो सुरू केला. किशोर भारतीचे डॉ. अनिल सद्गोपाल टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून खेड्यात गेले होते. १९७८ पासून तो जिल्ह्यातल्या सर्व माध्यमिक शाळांत, म्हणजे तिकडच्या हिशेबाने सहावी ते आठवीच्या वर्गांत, गेला. १९८२ साली ‘एकलव्य’ ही संस्था निघाली आणि तिने तो पुढे चालवला. दिल्ली विद्यापीठातले अध्यापक, टाटा संस्थेतले शास्त्रज्ञ तिथे येऊन शिक्षकांबरोबर बसत. ज्या शिक्षकांनी हे वर्गात केले त्यांतले अनेकजण विज्ञानाचे पदवीधर नव्हते. उन्हाळ्यात त्यांचे प्रशिक्षण होई, आणि ते प्रशिक्षण म्हणजे भाषण नव्हे. मुलांनी करायचे प्रयोग आधी शिक्षकांनी स्वतः करायचे. मग वर्षभर मासिक बैठका.

मला यातले सर्वांत आवडले ते त्यांचे पुस्तक. ‘बाल वैज्ञानिक’ हे त्याचे नाव. त्यात प्रयोग कसा करायचा ते होते, प्रश्न होते, पण उत्तरे नव्हती! चार-चार मुलांची टोळी प्रयोग करी, आलेले आकडे वहीत मांडी, आणि वर्गात चर्चा होऊन उत्तर निघे. म्हणजे निरीक्षणाचा खाना फळ्यावरून भरायचा मार्गच बंद. परीक्षेला पुस्तक आणि वही जवळ ठेवायची मुभा होती, आणि हाताने करायची परीक्षाही होती. मुलांना पडलेले प्रश्न ‘सवालीराम’ नावाच्या एका काल्पनिक गृहस्थाला पत्राने विचारता येत. कुणीतरी आपल्या प्रश्नाचे उत्तर लिहिते, हे खेड्यातल्या मुलाला कळणे ही काय चीज आहे, ते ज्याच्या घरी प्रश्न विचारायला कुणी नव्हते त्यालाच कळेल.

पुण्यात टेल्कोमध्ये नोकरीला असलेले अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन तिथे गेले. आठवडे-बाजारात मिळणारी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या यांतून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घन जोडून दाखवले. पुढे पुण्यात आयुकाच्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कचऱ्यातून खेळणी करायला शिकवले, ते आपल्यातल्या काहींनी मोबाइलवर पाहिलेही असेल.

हा होशंगाबादचा कार्यक्रम २००२ साली मध्य प्रदेश सरकारने बंद केला. तीस वर्षे चाललेली गोष्ट सरकारी निर्णयाने थांबली. सरकारच्या परवानगीवर उभी राहिलेली गोष्ट परवानगी गेली की जाते, हे यातून दिसते. म्हणूनच मी शासनाकडे मागण्या करणारा लेख लिहीत नाही.

आपल्याकडचे उदाहरण पाबळचे. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील या कोरडवाहू गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. ते हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात होते. हायस्कुलातल्या आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचे. लोखंडकाम, वायरिंग, शेती, जनावरे, घर-आरोग्य यांची कामे करता करता विज्ञान शिकायचे, आणि शिकवायला गावातलीच कामाची जाण असलेली माणसे घ्यायची. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ म्हणून हा विषय पुढे पुष्कळ शाळांत गेला. त्याविषयी वाचताना माझ्या डोळ्यांसमोर वडील आले. त्यांना कुणी शाळेत बोलावले नाही. बोलावले असते तर ते संकोचाने गेले नसते हेही खरे. पण बोलवायला हवे होते.

हे सगळे वाचून मी आणि माझ्या दोन मैत्रिणी गेल्या ऑगस्टपासून जवळच्या एका हायस्कुलात शनिवारी जाऊ लागलो. शनिवारी सकाळची शाळा असते. अकराला सुटल्यावर दीड तास. मुख्याध्यापकांनी आधी आम्ही कोणत्या पक्षाच्या की क्लासच्या, हे नीट विचारून घेतले आणि मग परवानगी दिली. आठवी-नववीची बावीस-पंचवीस मुले थांबतात. त्यांतली निम्मी, मला वाटते, आधी घरी जाऊन काम करावे लागू नये म्हणून थांबत होती. असो.

सर्वांत रंगला तो मोटरीचा प्रयोग. एक मोठा सेल, सायकलच्या ट्यूबचा कापलेला पट्टा, दोन सेफ्टी पिना, जुन्या स्पीकरमधले चुंबक आणि एनॅमलची तांब्याची तार. तार सेलभोवतीच दहा वेढे घेऊन गुंडाळायची, दोन टोके समोरासमोर बाहेर काढायची आणि ती पिनांच्या भोकांत ठेवायची. खाली चुंबक. जळक्या कॉइलची तार चालत नाही, कारण तिचा मुलामा जळून गेलेला असतो. वडिलांच्या दुकानातले नव्या तारेचे उरलेले तुकडे मी नेले होते. टोकांवरचा मुलामा ब्लेडने खरवडावा लागतो, नाहीतर वीज जाणारच नाही. पहिल्या शनिवारी सहापैकी एकच मोटर फिरली. बाकीच्यांची कॉइल थोडी डुले आणि थांबे. मुले त्या एका मोटरीभोवती जमली. कुणी म्हणाले चुंबक मोठे आहे, कुणी म्हणाले सेल नवा आहे. चुंबके बदलली, सेल बदलले. तरी तीच फिरे. शेवटी नववीतला एक मुलगा, जो तोपर्यंत एक शब्द बोलला नव्हता, दोन्ही कॉइली उजेडाकडे धरून म्हणाला, “ताई, ह्यांनी एक टोक अर्धंच खरवडलंय. आळस केलाय.”

बरोबर तेच कारण होते! दोन्ही टोके सगळीकडून खरवडली की वीज सतत वाहते. अर्धा फेरा कॉइलला एकीकडे ढकलते आणि पुढचा अर्धा फेरा उलट ओढते, म्हणून ती डुलून थांबते. एक टोक अर्धेच खरवडले तर उलट ओढण्याच्या वेळी वीज तुटते, आणि आधीच्या झोक्यावर कॉइल पुढे जाते. पुस्तकात हेच काम दुभंगलेल्या कड्याचे म्हणून दिले आहे. तिथे वीज तोडण्याऐवजी तिची दिशाच बदलतात. ती आकृती मी दहावीत तीन वेळा काढली होती. ते कडे तिथे का आहे हे आता कळले. आणि त्या मुलाला ते माझ्याआधी कळले. (एक सूचना : कॉइल अडकली तर तार आणि सेल दोन्ही तापतात. लगेच सोडवावे.)

मात्र नुसता प्रयोग पुरेसा नाही. प्रयोगाचे साहित्य कपाटात येते आणि कपाटातच राहते, याची साक्ष पुष्कळ शाळा देतील. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब म्हणून शाळांना वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते. चांगली योजना आहे. पण माझ्या माहितीतल्या एका शाळेत त्यातले यंत्र प्लास्टिकच्या आवरणाखाली आहे आणि पाहुणे आले की आवरण निघते. मोबाइलवरच्या चित्रफितींचेही तसेच. तिथे मोटर नेहमी पहिल्याच झटक्याला फिरते. आपली फिरली नाही तर काय करायचे, हे सांगायला शेजारी कुणीतरी बसलेले लागते.

आणि ते कुणीतरी केवळ प्रयोगापुरते लागत नाही. मोटरी आवरून ठेवताना एक मुलगी मला म्हणाली, “ताई, आर्ट्स घेतल्यावर हे शिकता येतं का?” मग बोलणे निघाले. तिला अकरावीला विज्ञान घ्यायचे आहे, पण विज्ञानाचे कनिष्ठ महाविद्यालय बावीस किलोमीटरवर, घरचे पाठवतील की नाही ठाऊक नाही. एसटीचा मुलींना पास असतो, हे तिला माहीत होते. आठवीत शिष्यवृत्तीची एक परीक्षा असते, तिच्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये मिळतात, हे तिच्या आठवीतल्या भावाला कुणी सांगितलेले नव्हते. एनएमएमएस म्हणतात ती हीच. मला स्वतःला ती कळली तेव्हा मी अकरावीत होते. आपल्यापैकी ज्यांच्या घरी आपणच पहिले कॉलेजात आलो, त्यांना हे सांगायला नको. फॉर्म, तारखा, दाखले, कुठला विषय सोडला म्हणजे कुठला दरवाजा बंद होतो, हे आपण ठेचा खात शिकलो. चार वर्षांनी मोठे, त्याच रस्त्याने आत्ताच गेलेले माणूस जेवढे सांगू शकते तेवढे चांगल्यातला चांगला शिक्षकही सांगू शकत नाही, कारण त्याला तो रस्ता कधीच मागे पडलेला असतो.

राष्ट्रीय सेवा योजनेत आपण प्रत्येकी वर्षाला एकशे वीस तास देतो. त्या तासांत आपण काय करतो ते सर्वांना ठाऊक आहे. गावातला तोच रस्ता झाडतो, फोटो काढतो, त्याच झाडाच्या शेजारच्या खड्ड्यात नवे झाड लावतो. झाडण्याला मी कमी लेखत नाही, माझ्या आईने दुसऱ्यांची अंगणे झाडून मला वह्या घेतल्या आहेत. परंतु वर्षातले पन्नास तास एका हायस्कुलाला दिले, म्हणजे तीसेक शनिवार, तर वर्षअखेर काही मोजता येईल असे उरेल. नव्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक आहेत. त्यातही हे बसावे. आमच्या प्राध्यापकांनी याचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे. ज्यांना विज्ञानाची धास्ती वाटते त्यांनी आधी दोन रविवार आपणच प्रयोग करून पाहायचे, होशंगाबादचे शिक्षक करत तसे. आपल्यातले काहीजण मध्येच येणे सोडतील, परीक्षा जवळ आली की जवळजवळ सगळेच सोडतील. तेव्हा एका शाळेला निदान सहाजण हवेत, म्हणजे दोघे तरी दर शनिवारी पोचतील.

येत्या जूनसाठी दोन हायस्कुलांनी हो म्हटले आहे. एका ठिकाणी कपाटाची किल्ली आमच्याकडे द्यायला तयार आहेत, दुसऱ्या ठिकाणी शिपाईमामा उघडून देतील. वडिलांनी तार द्यायचे कबूल केले आहे. फक्त मीटर-सव्वा मीटरचे तुकडे मिळतील. त्याहून लांब तार पुढच्या मोटरीला लागते आणि तांब्याची मोड किलोवर विकली जाते. चुंबके मात्र कमी पडत आहेत. कुणाच्या घरी बंद पडलेला रेडिओ किंवा स्पीकर असेल तर भंगारवाल्याला देण्यापूर्वी मला विचारावे.